बंब किंवा ॲम्ब्युलन्स अडवली तर नक्की कोणतं कलम? सोसायटीच्या नोटिशीसाठी नेमकी माहिती हवी

पाषाणकर
नमस्कार. सोसायटीच्या सभेत ठरल्याप्रमाणे सभासदांसाठी एक नोटीस आणि वॉचमनसाठी एक पानाची सूचना तयार करते आहे. ॲम्ब्युलन्स, अग्निशमन दलाची गाडी किंवा पोलीस आत येताना आणि काम करताना कोणी अडथळा आणला तर कायदा काय म्हणतो, एवढाच विषय आहे. सोसायटीत तीन विंग आहेत, प्रत्येकी अकरा मजले, आणि आत यायला रस्ता एकच.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात एका ठिकाणी "कलम ३५३, पाच वर्षं", दुसरीकडे "दहा हजार दंड", तिसरीकडे "थेट अजामीनपात्र" असं काहीही लिहिलेलं आहे. चुकीचं कलम छापून लावलं तर पहिल्याच वादात कोणी तरी ते दाखवून देईल आणि मग बाकीच्या सूचनाही कोणी मनावर घेणार नाही.

विचारायचं ते असं. सध्या लागू असलेली कलमं कोणती? आतल्या रस्त्यावर गाडी लावून मालक वर जाऊन बसला आणि बंब अडकला, तर तो दहा हजारांचा दंड लागतो का? १०८ ची ॲम्ब्युलन्स आणि खासगी हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स यांत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे का? मोबाइलवर चित्रीकरण करत मधे उभं राहणाऱ्यांना काही लागू होतं का? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी किंवा कायदा माहीत असलेल्यांनी सांगावं.

काळा कोट
पाषाणकर, आधी ३५३ (लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर) काढून टाका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेनंतरच्या घटनेला ३५३ लागत नाही, त्याच्या जागी कलम १३२ लागतं. पाच वर्षांचा आकडा येतो कुठून, तर महाराष्ट्राने आपल्यापुरती ३५३ ची शिक्षा दोनावरून पाच वर्षांपर्यंत वाढवली होती. ती दुरुस्ती जुन्या संहितेला होती. न्याय संहितेच्या १३२ मध्ये कमाल शिक्षा दोन वर्षं, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी आहे. गुन्हा दखलपात्र (पोलीस स्वतःहून नोंदवू शकतात असा) आणि अजामीनपात्र आहे, तेवढं व्हॉट्सॲपवरचं बरोबर. सरकारी कार्यालयांत टेबलामागे लावलेले ३५३ चे फलक अजून दिसतात, ते बघून छापू नका.

कोणतं कलम लागणार हे तीन गोष्टींवर ठरतं: अडवलं कोणाला, बळ वापरलं का, आणि कुठे. यातली एक जरी बदलली तरी कलम बदलतं. त्यामुळे नोटिशीत "अडथळा आणल्यास अमुक शिक्षा" असं एका ओळीत लिहिता येणार नाही.

अडवलेली व्यक्ती लोकसेवक असेल, म्हणजे महापालिकेच्या अग्निशमन दलाचा जवान, पोलीस, सरकारी रुग्णालयातला कर्मचारी, तर:

कर्तव्य बजावताना त्याच्यावर हल्ला केला किंवा फौजदारी बळ वापरलं, तर १३२. ढकलणं, गचांडी धरणं, हातातलं साहित्य हिसकावणं हे यात येतं. कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी इजा केली, तर १२१: साध्या दुखापतीला पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला किमान एक आणि कमाल दहा वर्षं. बळ न वापरता मुद्दाम अडवलं, म्हणजे गेट उघडलं नाही, वाटेत ठाण मांडलं, किल्ली असूनही जिन्याचं दार उघडून दिलं नाही, तर २२१: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सगळ्यात जास्त प्रकरणं २२१ वर पडतात, आणि त्याचं कारण फारसं कोणी सांगत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम २१५ प्रमाणे न्यायालयाला २२१ ची दखल घ्यायची असेल तर ज्याला अडवलं त्या लोकसेवकाची, त्याच्या वरिष्ठाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या दुसऱ्या लोकसेवकाची लेखी तक्रार न्यायालयात जावी लागते. पोलिसांचं दोषारोपपत्र एकटं पुरत नाही, आणि सोसायटीच्या अध्यक्षांची तक्रार तर नाहीच. ही तक्रार मागे राहिली की आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला तेवढा एक मुद्दा मांडतो.

आणखी एक. हुज्जत घालणं म्हणजे आपोआप गुन्हा नव्हे. "इतका उशीर का झाला" असं ओरडून विचारणारा नातेवाईक १३२ मध्ये बसत नाही. त्याच्यावर तसं कलम लावायचा आग्रह सोसायटीने धरू नये, ते अन्यायाचंही आहे.

आता १०८ आणि खासगी ॲम्ब्युलन्स. १०८ ही शासनाची योजना आहे, पण ती चालवतो ठेकेदार आणि कर्मचारी ठेकेदाराच्या पगारावर असतात. ते न्याय संहितेच्या कलम २(२८) मधल्या लोकसेवकाच्या व्याख्येत बसतात की नाही यावर वाद घालता येतो आणि घातला जातो. खासगी हॉस्पिटलच्या ॲम्ब्युलन्सबाबत तर प्रश्नच नाही, ते लोकसेवक नाहीत. म्हणून फिर्यादीत फक्त १३२ वर भिस्त ठेवली की सगळंच कोसळतं. सोबत जी कलमं कोणत्याही माणसासाठी लागू आहेत ती यायला हवीत:

१२६(२), म्हणजे गैरपणे वाट अडवणं. शिक्षा किरकोळ आहे, एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पण गुन्हा दखलपात्र आहे. मारहाणीचं ११५(२) आणि धमकीचं ३५१(२) ही दोन्ही अदखलपात्र आहेत. तेवढंच सांगितलं तर ठाण्यात एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन परत पाठवतात. फिर्यादीत "गाडी पुढे जाऊ दिली नाही" हे वाक्य आलं की चित्र बदलतं. काच फोडली, उपकरण तोडलं, तर ३२४: नुकसान वीस हजार ते एक लाखापर्यंत असेल तर दोन वर्षांपर्यंत, एक लाख किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून नुकसानीचा आकडा आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक पहिल्या दिवसापासून जोडायचं. बंब ही सार्वजनिक मालमत्ता, तिचं नुकसान केलं तर १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदाही लागतो.

डॉक्टर, परिचारिका, पॅरामेडिकल कर्मचारी यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०१० चा स्वतंत्र कायदा आहे, सरकारी आणि खासगी दोघांनाही लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, दखलपात्र, अजामीनपात्र, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई. मात्र त्याचा सगळा रोख वैद्यकीय संस्थेच्या आवारातल्या हिंसेवर आहे. तुमच्या पार्किंगमध्ये ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरला धक्काबुक्की झाली तर तो लागेल असं छातीठोकपणे छापू नका. फिर्यादीत मागणी जरूर करावी, पण आधार सामान्य कलमांचाच ठेवावा.

मालक वर आणि गाडी खाली, हा तुमचा प्रश्न. दहा हजारांचं कलम म्हणजे मोटार वाहन कायद्याचं १९४ई, २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. पण त्याची भाषा अशी आहे: वाहन चालवत असताना, अग्निशमन गाडी किंवा रुग्णवाहिका जवळ आल्यावर रस्त्याच्या कडेला न होणारा. "चालवत असताना" हे शब्द महत्त्वाचे. लावून ठेवलेल्या गाडीला ते बसत नाही. सार्वजनिक रस्त्यावर लावलेली असेल तर मोटार वाहन कायद्याचं १२२ आणि न्याय संहितेचं २८५ (पाच हजारांपर्यंत दंड). गेटच्या आत मात्र "सार्वजनिक ठिकाण" आहे की नाही इथपासून वाद सुरू होतो, कारण लोकांना तिथे हक्काने जाता येतं का हा व्याख्येचा निकष आहे. मालकाला बोलावलं, समोर बंब उभा आहे हे त्याला दिसलं, आणि तरीही त्याने गाडी हलवायला नकार दिला, तर ते मुद्दाम अडवणं झालं आणि २२१ कडे जाता येतं. तो झोपलेला होता, फोन बंद होता, तर फौजदारी कलम शोधत बसू नका. तिथे पार्किंगचे नियम आणि दंडाचा ठरावच कामाचा.

बंबवाला
काळा कोट साहेबांनी कायद्याचं सांगितलं. गेटच्या आतल्या गाडीसाठी तुम्हाला कलमापेक्षा दुसरी एक गोष्ट माहीत असायला हवी: आग लागलेली असताना घटनास्थळी असलेल्या अग्निशमन अधिकाऱ्याला महापालिका कायद्यानेच अधिकार दिलेले आहेत. कामात अडथळा होणाऱ्या माणसाला तिथून हटवणं, रस्ता बंद करणं, होज (पाण्याचा पाइप) किंवा यंत्रं नेण्यासाठी दार, भिंत, कुंपण तोडणं, दाब वाढवण्यासाठी आसपासच्या जलवाहिन्या बंद करणं. नुकसान शक्य तितकं कमी ठेवायचं ही अट आहे, आणि असं झालेलं नुकसान विम्याच्या दृष्टीने आगीचंच नुकसान धरलं जातं. म्हणजे वाटेतली गाडी ढकलून बाजूला केली, काच फोडून हँडब्रेक सोडला, तर "परवानगी कोणी दिली" हा प्रश्न उद्भवत नाही. नोटिशीत हे ठळक लिहा. दंडाच्या आकड्यापेक्षा आपल्या गाडीची काच लोकांना लवकर समजते.

आता अडथळा म्हणजे नेमकं काय, ते वॉचमनच्या पानावर यायला हवं, कारण जाणूनबुजून अडवणारा क्वचितच असतो.

उंच इमारतीभोवती ६ मीटर मोकळी जागा, ९ मीटर वळणत्रिज्या आणि ४५ टन वजन पेलणारी जमीन, हे बांधकाम नियमात आहे. ते नकाशात असतं आणि नंतर त्यावर पार्किंगचे पट्टे मारले जातात. ६ मीटर कशासाठी? साधा बंब अडीच मीटरच्या आसपास रुंद असतो, तो चार मीटरमधूनही जाईल. पण शिडीची किंवा हायड्रॉलिक प्लॅटफॉर्मची गाडी नुसती उभी राहून चालत नाही, तिचे जॅक दोन्ही बाजूंना बाहेर काढून जमिनीवर टेकवावे लागतात. एका बाजूचा जॅक गाडीमुळे पूर्ण बाहेर आला नाही तर शिडी त्या बाजूला पूर्ण पोहोचेपर्यंत फिरवताच येत नाही, यंत्रणा स्वतःच अडवते. एक स्विफ्ट चुकीच्या जागी असली की अकराव्या मजल्याची बाल्कनी हाताबाहेर जाते. आणि जॅक पाण्याच्या टाकीच्या झाकणावर किंवा बेसमेंटच्या स्लॅबवर आला तर वेगळाच धोका. भूमिगत टाकी कुठे आहे आणि कोणत्या स्लॅबखाली बेसमेंट आहे याचा नकाशा गेटच्या केबिनमध्ये लावून ठेवा, आल्याबरोबर अधिकाऱ्याच्या हातात द्या.

दुसरा अडथळा दुचाकींचा. रायझरच्या (आग विझवण्यासाठी इमारतीत वरपर्यंत गेलेल्या उभ्या पाइपच्या) इनलेटसमोर, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेली ६३ मिलिमीटरची तोंडं असतात तिथे, हमखास स्कूटर लावलेल्या असतात. त्याच तोंडांतून बंबाचं पाणी इमारतीच्या पाइपात चढवायचं असतं. इनलेटसमोर दोन मीटर जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखा. तोंडाची टोपी हाताने फिरते का ते महिन्यातून एकदा बघा, रंग मारताना ती चिकटवून टाकतात. फॉर्म बी (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो, तो देणाऱ्या परवानाधारक एजन्सीकडून तुमच्यासमोर टोपी उघडून घ्या.

तिसरा अडथळा होजवरून गाडी नेण्याचा. ६३ मिलिमीटरचा १५ मीटर होज भरला की त्यात सुमारे ४७ लिटर पाणी असतं, तेवढेच किलो वजन, आणि आत दाब. त्यावरून चाक गेलं की क्षणभर प्रवाह तुटतो आणि मग झटक्याने परत येतो. वरच्या मजल्यावर ब्रँच (होजचं पुढचं तोंड) धरून उभ्या असलेल्या जवानाच्या हातात तो झटका बसतो. त्याहून वाईट म्हणजे धुराच्या खोलीत त्याच्यासमोरचं पाणी नाहीसं होतं. चाक कपलिंगवर (दोन होजच्या जोडावर) गेलं तर होजच निसटतो. "एकच मिनिट, गाडी बाहेर काढतो" हे वाक्य आगीच्या वेळी वॉचमनने ऐकूनच घ्यायचं नाही. बंब आत आला की बाहेर जाणारी वाहतूक बंद. आपली गाडी जळेल या भीतीने लोक बेसमेंटकडे धावतात, त्यांना रॅम्पच्या वर थांबवायला दोन माणसं आधीच नेमून ठेवा.

खोट्या कॉलचंही टाका नोटिशीत. मुलांनी गंमत म्हणून १०१ किंवा ११२ ला खोटी खबर दिली तर एक गाडी खऱ्या घटनेपासून दूर असते. मोठ्या माणसाने केलं तर न्याय संहितेचं २१७: एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

रात्रपाळी
ॲम्ब्युलन्सच्या बाजूने थोडं.

गेटवर नोंद. ॲपवरून फ्लॅटची मंजुरी येईपर्यंत बूम बॅरिअर खाली ठेवणं हा सोसायट्यांतला सगळ्यात नेहमीचा अडथळा आहे आणि तो वॉचमन आदेश पाळतो म्हणून होतो. त्याला लेखी आदेश द्या: सायरन किंवा फिरता दिवा दिसला की बॅरिअर वर, गेटची दोन्ही दारं उघडी, नोंद गाडी गेल्यावर. गाडीचा नंबर आणि वेळ कॅमेऱ्यात येतेच. एक माणूस लिफ्ट तळमजल्यावर थांबवून धरेल. स्ट्रेचर आडवं मावेल अशी लिफ्ट कोणत्या विंगमध्ये कोणती, हे त्याला पाठ हवं.

गाडी लागल्यावर तिच्या मागे तीन मीटर मोकळे लागतात. स्ट्रेचर मागच्या दारातून निघतं. मागे बाइक आणून लावली की रुग्ण खाली येतो आणि स्ट्रेचर गाडीत घ्यायला वाट नसते.

घरातला अडथळा वेगळ्या जातीचा, आणि त्यावर कायदा दाखवू नये. छातीवर दाब देण्याचं काम चालू असताना नातेवाईक "आधी हॉस्पिटलला न्या" म्हणत स्ट्रेचर ओढतात. ते घाबरलेले असतात. पण मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि मधला खंड दहा सेकंदांच्या आत, हे सगळं जिन्यावरून उतरताना जमत नाही. गादीवरही जमत नाही, गादी खाली जाते आणि छाती दबत नाही, म्हणून रुग्णाला जमिनीवर घेतात. दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलतो, त्यालाही शेजारी जागा लागते. शेजाऱ्यांनी अशा वेळी एक करावं: नातेवाइकांपैकी एकाला काम द्यावं. जुनी फाइल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, शेवटचं कधी बोलले याची वेळ. बाकीच्यांना बाहेरच्या खोलीत घेऊन बसावं.

चित्रीकरणाबद्दल काळा कोट सांगतीलच. माझी विनंती एवढीच की रुग्णाचे कपडे कापावे लागतात. दार बंद करून घ्या.

पाषाणकर
खूप उपयोगाचं आहे हे सगळं. इनलेटसमोर आमच्याकडे खरंच स्कूटर असतात, उद्याच पट्टे आखायला सांगते.

दोन शंका. प्रसंग घडलाच तर सोसायटीने नेमकं काय करायचं, फिर्याद कोणी द्यायची? आणि आमच्या कॅमेऱ्याचं चित्रण दिलं तर ते कोर्टात चालतं का?

काळा कोट
फिर्यादी शक्यतो ज्याला अडवलं तोच हवा: बंबावरचा अधिकारी, ॲम्ब्युलन्सचा डॉक्टर किंवा चालक. सोसायटीची माणसं साक्षीदार. कर्मचारी बहुतेकदा रुग्णाला पोहोचवून पुढच्या कॉलवर जातात आणि फिर्याद राहून जाते. म्हणून त्याच वेळी गाडीचा नंबर आणि कर्मचाऱ्याचं नाव लिहून ठेवा, आणि ११२ ला लगेच फोन करा. ११२ च्या कॉलची वेळ नोंदली जाते, ती पुढे फार उपयोगी पडते. हॉस्पिटल दुसऱ्या हद्दीत असेल तर तिथल्या ठाण्यातही फिर्याद देता येते, नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मध्ये हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, हे विसरलं की ती वाया. ठाण्याने दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवला नाही तर १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना (पुण्यात आयुक्तालय आहे, तिथे परिमंडळाच्या उपायुक्तांना) लेखी पोस्टाने, आणि तरीही नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे.

आरोपीला लगेच अटक होईल अशी अपेक्षा ठेवू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची गरज नसेल तर त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावतात. अजामीनपात्र म्हणजे आपोआप तुरुंग, असा समज सभासदांत पसरू देऊ नका.

चित्रण चालतं, पण कागद नीट हवा. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) काही दिवसांनी जुनं पुसून नवं लिहितो, किती दिवसांनी ते हार्ड डिस्कवर अवलंबून. पहिल्या दिवशी रेकॉर्डिंग काढून घ्या, आधी पंधरा मिनिटं आणि नंतर पंधरा मिनिटं धरून, सलग. कापलेली क्लिप देऊ नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली तर नाहीच, त्यात फाइल दाबली जाते आणि तिचं हॅश (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा) मूळ फाइलशी जुळत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग आहेत: भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश व्हॅल्यू लिहायची असते. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते त्याच दिवशी मोबाइलच्या वेळेशी ताडून लिहून ठेवा. सात मिनिटांच्या फरकावर उलटतपासणीत अर्धा तास जातो.

चित्रीकरण करणं हा स्वतंत्र गुन्हा नाही. लांब उभं राहून कोणी चित्रण केलं तर त्याचा मोबाइल हिसकावू नका, तो तुमच्या बाजूचा पुरावाही ठरू शकतो. पोलिसांनी मागे व्हायला सांगितल्यावर मागे न होणं हा मात्र गुन्हा आहे: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ प्रमाणे वाजवी सूचना पाळणं बंधनकारक आहे आणि ६९ प्रमाणे न पाळणाऱ्याला हटवता येतं. स्ट्रेचरच्या वाटेत उभं राहून चित्रण केलं तर ते वाट अडवणं, हातात मोबाइल असो वा नसो.

नदीकाठच्या सोसायट्यांनी आणखी एक कलम लक्षात ठेवावं. पूर किंवा इमारत कोसळण्यासारख्या आपत्तीत आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं ५१ लागतं: बचावकार्य करणाऱ्या अधिकाऱ्याला अडवलं किंवा घर रिकामं करण्यासारखा निर्देश वाजवी कारणाशिवाय नाकारला तर एक वर्षापर्यंत, आणि त्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत.

डावी मार्गिका
रस्त्यावरचं कोणी लिहिलं नाही म्हणून. सभासद गाडी चालवतातच, नोटिशीत दोन ओळी टाका.

वाहन चालवण्याचे २०१७ चे नियम आहेत, त्यात प्राधान्याचा क्रम अग्निशमन, मग रुग्णवाहिका, मग पोलीस असा आहे. सायरन ऐकू आला की डावीकडे. अचानक ब्रेक मारून जागच्या जागी थांबणं हा सगळ्यात धोकादायक प्रतिसाद. इंडिकेटर देऊन, वेग कमी करत, हळूहळू डावीकडे. उड्डाणपुलावर किंवा दुभाजकाच्या कडेला डावीकडे जागाच नसेल तर चालत राहा, जागा मिळेल तिथे सोडा. आपत्कालीन गाडीला सावधगिरी बाळगून लाल सिग्नल ओलांडायची, एकेरी रस्त्यावर उलट जायची मुभा आहे, तुम्हाला नाही. तिच्या मागे चिकटून गर्दी कापणं बंद करायला हवं, त्यामुळे ती पुढे थांबली की मागून धडक बसते आणि तिचं मागचं दार अडतं.

सिग्नलला सगळ्यात पुढे तुम्ही आणि मागे सायरन: झेब्रावर थोडं पुढे, डावीकडे सरका, चौक ओलांडू नका. समोरून हिरव्या सिग्नलवर येणाऱ्याला तुम्ही का निघालात ते कळत नाही. स्टॉप लाइन ओलांडल्याचं ई-चलन आलं तर भरून मोकळे होऊ नका. महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीचा पर्याय आहे, तिथे चलनाचा क्रमांक, वेळ आणि डॅशकॅमचं चित्र असल्यास ते जोडा. चलनासोबतच्या फोटोत बहुतेकदा ॲम्ब्युलन्स दिसतेच, ती कुठे दिसते ते लिहा.

अपघातग्रस्ताला स्वतः मदत करायला लोक अजून बिचकतात. मोटार वाहन कायद्याचं १३४ए मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. फक्त रुग्णाला खेचून रिक्षात घालायची घाई करू नका, मानेला दुखापत असू शकते. गाडी पेटलेली किंवा पाण्यात नसेल तर १०८ येईपर्यंत आहे तिथेच, डोकं स्थिर धरून.

पाषाणकर
मनापासून आभार सगळ्यांचे. नोटिशीचा कायद्याचा परिच्छेद असा लिहू का? "अग्निशमन दल, पोलीस किंवा रुग्णवाहिकेच्या कामात हेतुपुरस्सर अडथळा आणल्यास भारतीय न्याय संहिता, २०२३ ची कलमे १२१, १३२, २२१ व १२६ आणि इतर लागू कायद्यांनुसार कारवाई होऊ शकते."

काळा कोट
चालेल. "होऊ शकते" तसंच ठेवा, "होईल" नको. आणि त्याच्या आधी बंबवाला यांचं वाक्य घ्या: आगीच्या वेळी वाटेतलं वाहन अग्निशमन अधिकारी मालकाच्या संमतीशिवाय हटवू शकतात, त्यात होणाऱ्या नुकसानीला सोसायटी जबाबदार नाही. शेवटचा भाग सर्वसाधारण सभेच्या ठरावात घेऊन इतिवृत्तात नोंदवा, नुसत्या नोटिशीने तो बांधील होत नाही. पार्किंगचा दंडही त्याच ठरावात घ्या.

बंबवाला
आणि नोटीस लावायच्या आधी जवळच्या अग्निशमन केंद्रात जाऊन मॉक ड्रिलसाठी पत्र द्या. गाडी आली की गेटमधून वळते का, कमानीखालून जाते का, हे त्याच दिवशी मोजून घ्या, आणि जॅक जिथे टेकतात तिथे जमिनीवर रंगाने खूण करा.